आयसीयूतून घरी आल्यावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाबा ६२ वर्षांचे. न्यूमोनियातून जंतुसंसर्ग रक्तात पसरला, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) १२ दिवस व्हेंटिलेटरवर होते. घरी येऊन तीन आठवडे झाले, तरी खुर्चीवरून उठताना पाय लटपटतात. येणारे-जाणारे सांगतात, ‘पडून राहू दे, पेज द्या.’ अजून किती दिवस विश्रांती द्यायची?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : विश्रांती पुरे झाली. रात्रीची झोप आणि दुपारचा एखादा तास सोडला तर बाबांना दिवसा पलंगावर ठेवू नका. गंभीर आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या मांडीचा पुढचा स्नायू पहिल्या १० दिवसांतच १५ ते २० टक्के आटू शकतो. काहींच्या नसांनाही इजा होते. गेलेली ताकद पडून राहून परत येत नाही आणि भरून यायला महिने लागतात, कधी वर्षही. तेव्हा ‘मनावरच घेत नाहीत’ असे बाबांना घरातल्या कुणीही म्हणू नये. पाय खरोखरच उचलत नाहीत.

सुरुवात खुर्चीवरून उठण्या-बसण्यापासून करा. हात असलेली, सुमारे ४५ सेंमी उंचीची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा; प्लास्टिकची नको, ती सरकते. कडेपर्यंत पुढे सरकायचे, पावले गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके झुकायचे आणि मग उठायचे. बहुतेकांचे इथेच चुकते : पाठ टेकलेली असतानाच उठायला बघतात. बसताना मनात तीन मोजत सावकाश बसायचे. धपकन बसले तर निम्मा व्यायाम वाया गेला, कारण वजन तोलत खाली येण्यानेही मांडीला बळ मिळते. ५ वेळा, दिवसातून तीनदा. जमत नसेल तर खाली उशी घालून उंची वाढवा. सलग दोन दिवस सहज जमले की एक-एक वाढवत जा. व्यायाम करताना एक वाक्य सलग बोलता आले पाहिजे. ऑक्सिमीटर ९० च्या खाली गेला (फुप्फुसाचा जुना विकार असेल तर डॉक्टरांनी दिलेला आकडा धरा), छातीत दुखले किंवा एकच पोटरी सुजली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या दिवशी फार गळून गेले तर निम्मे करा, पण बंद करू नका.

उठताना अंधारी येत असेल तर आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसून घोटे वर-खाली हलवावेत. बसून आणि उभे राहून रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० ने उतरत असेल तर दाखवून घ्या. वजन घटल्यावर रक्तदाबाची जुनी गोळी पुष्कळदा जड होते. न्हाणीत स्टूल आणि धरायला दांडा हवाच.

आता पेज. पोटाला ती सोसते, पण वाटीभर पेजेत प्रथिने जेमतेम २ ग्रॅम असतात. बाबांना वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतील, म्हणजे ६० किलोला रोज ७२ ते ९०. दोन अंड्यांतून १२, दोन पेले दुधातून १२-१३, दोन्ही जेवणांत प्रत्येकी १०० ग्रॅम बांगडा किंवा दुसरी मासळी धरली तर सुमारे ३८, मुगागाठीतल्या (मुगाच्या रश्शातल्या) ३० ग्रॅम मुगांतून ७. उरलेले भात-डाळ-चपातीतून भागते. दोन घासांत पोट भरत असेल तर दिवसातून सहा वेळा थोडे-थोडे द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांकडूनच घ्या.

प्रश्न : पत्नी आयसीयूत होती. आता हळूहळू सांगते, ‘मला बांधून ठेवलं होतं, भिंतीतून माणसं यायची, तू मला सोडून गेला होतास.’ मी तर रोज बाहेर बसून होतो. तिला वेड तर लागले नाही ना?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. हा डेलिरियम. जंतुसंसर्ग, गुंगीची औषधे, कमी पडलेला ऑक्सिजन, रात्रभर जळणारे दिवे आणि वाजणारे अलार्म यांनी मेंदू गोंधळतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत हे फार आढळते. ‘असं काही झालंच नाही’ असे म्हणू नका. तिने ते भोगले आहे. बऱ्याच आठवणींना खरा धागा असतो : नळी उपटू नये म्हणून कधी कधी हात पट्टीने अडकवतात, आणि भेटायला मिळतात दिवसाची थोडी मिनिटे.

तिच्यासोबत बसून एक वही करा. डिस्चार्ज कार्ड आणि त्या दिवसांतले तुमच्या फोनमधले मेसेज समोर ठेवा. दर दिवसाला एक पान : तारीख, नळी कधी घातली, का घातली, कधी काढली, कोण भेटून गेले. युरोपातल्या अनेक आयसीयूंत परिचारिकाच अशी रोजनिशी लिहितात. नळ्या लावलेले फोटो मात्र तिने मागितल्याशिवाय दाखवू नका. महिना उलटला तरी भीतीची स्वप्ने पडत असतील किंवा इस्पितळाच्या रस्त्याने जायलाही ती नको म्हणत असेल, तर बांबोळीच्या आयपीएचबीत (मनोविकारांच्या सरकारी इस्पितळात) दाखवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आणखी एक, न विचारलेले. आयसीयूत सुरू झालेली झोपेची किंवा पित्ताची गोळी गरज संपली तरी महिनोन्महिने चालू राहते. पहिल्याच तपासणीत कार्डावरच्या प्रत्येक गोळीबद्दल विचारा, ‘ही अजून लागते का?’ मनाने मात्र एकदम बंद करू नका.

प्रश्न : तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागले. औषधाचा दोष?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : बहुधा आजाराचाच. मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी असे होते आणि साधारण सहा महिन्यांत थांबते. नखांवर उमटलेली आडवी रेघही नखाबरोबर पुढे सरकून निघून जाईल.

प्रश्न : व्हेंटिलेटरची घशातली नळी काढून महिना झाला. आवाज अजून बसलेला, पाणी पिताना ठसका लागतो.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : आता थांबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्वरयंत्र दुर्बिणीतून तपासून घ्या. तोवर ताठ बसून, हनुवटी किंचित खाली घेऊन लहान घोट घ्या. जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ नका. खाल्ल्यावर आवाज घरघरत असेल किंवा ताप येत असेल तर अन्न श्वासनलिकेत उतरत असण्याची शक्यता आहे. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर नळीच्या जागी श्वासनलिका आकसत असू शकते. हे नळी काढल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही सुरू होते, आणि पुष्कळदा दमा समजून नुसता पंप दिला जातो. म्हणून ‘मला इतके दिवस घशात नळी होती’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा, कार्ड दाखवा. बसल्या जागी दम लागत असेल तर ओपीडीची वाट न पाहता १०८ बोलवा.