सशाची रात्र

प्रश्न : जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत सशापायी माणूस थेट ऑस्ट्रेलियाला धाडलेला दिसतो. हे खरं, की लेखकांनी मीठमसाला लावलेला? – एक वाचक

उत्तर : मसाला थोडाच. पहिल्या सशाला कुणी जहाजावर चढवत नसे, तिसऱ्यांदा सापडला की चढवू शकत. चोरट्या शिकारीविरुद्धच्या १८२८च्या कायद्यात पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी, दुसऱ्या खेपेला सहा महिने आणि तिसऱ्या खेपेला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी किंवा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती. पण हे सगळं रात्रीपुरतं. हा कायदा वाचताना मी त्यातल्या 'रात्री'वरच अडलो होतो : सूर्यास्तानंतर तास उलटला की ती सुरू आणि सूर्योदयाला तास उरला की संपली! तोच ससा दिवसाढवळ्या धरला, तर १८३१च्या कायद्यानं दोन पौंडांपर्यंतच्या दंडावर भागायचं.

खरी मेख मला जामिनात दिसते. तीन महिने भोगून झाले, तरी वर्षभर पुन्हा शिकार करणार नाही म्हणून दहा पौंडांचा मुचलका लिहून द्यायचा, वर जामीनदार आणायचे. नाही मिळाले, तर आणखी सहा महिने आत. १८३४ साली डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावात शेतमजुराची मजुरी आठवड्याला सात शिलिंगांवर आली होती. दहा पौंड म्हणजे दोनशे शिलिंग. अशा माणसाला जामीन राहायचं कुणी? त्याच्यासारख्याच शेजाऱ्यानं?

निवाडा करायचे दोन 'जस्टिस ऑफ द पीस', म्हणजे स्थानिक दंडाधिकारी. पहिल्या दोन गुन्ह्यांना ज्युरी नाही. गावाकडे या पदावर बसायला वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन लागे, म्हणजे ससा ज्याच्या रानातला, त्याच्याच बरोबरीचा जमीनदार. पूर्वी सुनावणी कधी कधी त्याच्या घरच्या दिवाणखान्यातही चाले. साक्षीला उभा राहायचा तो रानाचा राखणदार, जमीनदाराच्या पगारावरचा. कोंबडी चोरणाऱ्याला गाव चोरच म्हणे. रानातल्या सशाचं मात्र गावाला तसं वाटत नसे.

१८६२पासून तर संशयावरून पोलीस वाटेतच माणसाची झडती घेऊ लागले. कोटाच्या खिशात ससा, पक्ष्यांची अंडी किंवा जाळं निघालं की प्रकरण उभं राही. पिकं खाणारे ससे आपल्याच शेतात मारायचा पक्का हक्क कुळाला मिळाला तो १८८० साली. मजुराला मात्र त्यासाठी कुळाची लेखी परवानगी लागे.