बाबांचा वार कोणता?

वाचक भगिनीचे पत्र: ताई, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. वय 47, बँकेत नोकरी. यजमान पीथमपूरच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात, मुलगा बारावीत आहे, सासूबाई आमच्याजवळच असतात. सोमवार उजाडतो आणि पाहता पाहता शनिवार मावळतो. देवासला बाबा एकटे असतात, वय 79; चार महिन्यांत दोनदाच जाणे झाले. पण ते असो. तानपुरा सहा वर्षे गवसणीत आहे. जानेवारीत हौसेने डायरी घेतली, पहिल्या आठवड्यासाठी 31 कामे लिहिली, त्यांतली 9 झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात डायरी कपाटात गेली. जाऊबाई म्हणतात, घर म्हणजे काही कचेरी नव्हे. आठवडे आखून आयुष्याला खरोखर अर्थ येतो, की हा नुसता शिस्तीचा सोस?

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात एक छोटे वाक्य आहे, ‘पण ते असो’, आणि ते बाबांविषयी लिहिल्यानंतर लगेच आले आहे. डायरीतल्या 31 कामांपुढे तुम्ही ते लिहिले नाही, नोकरीपुढेही नाही. आपल्या दृष्टीने मोलाचे काय आहे हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. ज्याविषयी बोलताना आपण स्वतःलाच थांबवतो, बहुधा तेच ते असते. तेव्हा अर्थ कुठे आहे हे तुम्हांला ठाऊक आहे. अडचण आहे ती त्याला आठवड्यात जागा मिळण्याची, आणि म्हणून आधी जागा किती आहे ते मोजू.

आठवड्याचे तास 168. रोजची सात तास झोप धरली तर 49 गेले. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा धरून बँकेचे सरासरी साडेपाच दिवस होतात. जाण्यायेण्यासह रोजचे दहा तास म्हटले तरी 55 झाले. स्वयंपाक आणि घरकामाचे रोज चार तास म्हणजे 28, आंघोळ, पूजा आणि जेवणखाणाचे रोज दोन म्हणजे 14. उरले 22. त्यांत सासूबाईंचा दवाखाना, यजमानांची बदललेली पाळी आणि अवचित आलेले पाहुणे यांचा वाटा निम्मा तरी असणारच. म्हणजे ज्यांवर तुमची खरी सत्ता चालते असे तास अकरा, आणि तुम्ही त्यांत 31 कामे बसवू पाहत होतात. हा तुमच्या आळसाचा दोष नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली या सवयीला ‘नियोजनाचा भ्रम’ या अर्थाचे नाव दिले होते: सारे सुरळीत पार पडेल असे धरूनच माणूस आपल्या कामाचा वेळ ठरवतो. त्या 31 पैकी 9 कामे झाली, हे माझ्या मते कौतुकाचे आहे.

आता जाऊबाईंचे म्हणणे. घर ही कचेरी नव्हे हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु घराने वार ठरवू नयेत असे त्यातून निघत नाही. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत, हे तुम्ही आजीकडून ऐकले असेल. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे मिळून एका मुलाचे शिक्षण पार पडत असे. माझ्या ग्वाल्हेरच्या आजोळी असा गुरुवारचा मुलगा येत असे. घरात फार नव्हते, सातही दिवस त्याला जेवू घालणे आजीला झेपले नसते, आणि ‘सवड मिळेल तेव्हा ये’ असे सांगितले असते तर ते बाळ उपाशीच राहिले असते. तिने एक वार दिला, आणि तो वार त्याचा झाला. त्या दिवशी घरात आजारपण असो की सण असो, त्याचे पान मांडलेले असे.

तुम्ही हेच करावे असे मला वाटते. डायरी भरू नका, वार द्या. महिन्यातला पहिला आणि तिसरा रविवार बाबांचा. सकाळी नाश्त्याची चिंता करू नका. इंदुरात रविवारी पोहे-जिलेबी आणायला बारावीतला मुलगा पुरेसा आहे, आणि त्या दिवशी सासूबाईंची औषधे आणि दुपारचे जेवण कोणी पाहायचे हे यजमानांशी आधीच बोलून ठेवा. हे बोलणे टाळले तर कोणतीही आखणी टिकत नाही, कारण बायकांचा मोकळा वेळ सर्वांचा मानला जातो. सकाळी नऊच्या बसने निघालात तर अंतर सुमारे 35 किलोमीटरच आहे. दिवस, वेळ आणि ठिकाण आधी नेमून ठेवले की संकल्प पार पडण्याची शक्यता बरीच वाढते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनीही 1999 साली मांडले आहे. आजीला ते अनुभवाने ठाऊक होते.

बुधवारी रात्री साडेआठ ते सव्वानऊ तानपुऱ्याचे. एवढे दोनच वार. तिसरे काही आत्ता घेऊ नका. पापड, कपाटे, राहिलेले फोन हे उरलेल्या वेळात होतील, आणि काही होणार नाहीत. एखादा वार चुकलाच तर त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून काढू नका, पुढचा वार येतोच. शनिवारी रात्री दहा मिनिटे बसून येत्या वाराच्या आड काय येऊ शकते एवढेच पाहा.

इंदुरात अशा वेळी अहिल्याबाईंचे उदाहरण हमखास दिले जाते, आणि ते बहुधा बायकांना कमी लेखण्यासाठी: त्यांनी राज्य चालवले, तुम्हांला घर जमत नाही. मला ते उदाहरण वेगळ्या कारणासाठी प्रिय आहे. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी माळव्यातले ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कम यांनी त्यांची दिनचर्या नोंदवली आहे. दुपारी दोनपासून सहापर्यंत दरबार, मग दोन-तीन तास पूजा आणि साधे जेवण, आणि नऊच्या सुमारास पुन्हा राज्यकारभार, तो अकरापर्यंत. संध्याकाळच्या त्या तासांत राज्याचे काम तुंबलेले नसेल असे कोण म्हणेल? तरीही पूजेची वेळ पूजेलाच मिळत असे.

बुधवारी पहिल्या दिवशी तानपुरा जुळवण्यातच सारा वेळ जाईल, तारा कदाचित बदलाव्या लागतील. जाऊ द्या. आणि हे पत्र वाचून झाले की बाबांना फोन करून दोन्ही रविवार सांगा. ते कालनिर्णयावर स्वतःच्या हाताने खूण करतील, आणि त्या दिवशी सकाळपासून दाराकडे पाहत बसतील.

तुमची,
ताई