'समतुल्य परिपथ': समतुल्य, पण कुठून पाहिल्यावर?

प्रश्न असा आला आहे: शाळेच्या पुस्तकात 'परिणामी रोध' असतो आणि पदविकेला 'समतुल्य परिपथ' (मूळ परिपथाच्या, म्हणजे सर्किटच्या, जागी ठेवलेला आणि बाहेरून तसाच वागणारा सोपा परिपथ) येतो. दोन्ही एकच का? आणि 'सम' काय, 'तुल्य' काय, अर्थ सारखाच. मग सरळ 'समान परिपथ' का म्हणू नये?

'समान' म्हटले तर चक्क चूक होईल. 'तुल्य' हा शब्द तुलेवरून आला आहे: तोलून पाहिले तर बरोबरीचे. तराजूच्या एका पारड्यात गूळ आणि दुसऱ्यात लोखंडी वजन असले तरी काटा मध्यावर येतो. म्हणून गुळाचे लोखंड होत नाही. 'सम' जोडल्याने अर्थात फारशी भर पडत नाही, नुसते 'तुल्य परिपथ'ही चालेल. जुन्या लेखनात 'परिपथ'ऐवजी 'मंडल' आढळते. तोही शब्द चांगला आहे, पण 'विद्युत मंडळ' म्हटले की महाराष्ट्रात वीजबिल आठवते, त्यामुळे 'परिपथ'च बरा.

खरी अडचण अशी, की 'समतुल्य' हा शब्द एकटा अपुरा आहे. कोणत्या दोन अग्रांकडून (बाहेर जोडायच्या टोकांकडून) पाहायचे, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थच नाही. 12 व्होल्टची आदर्श बॅटरी, तिला एकसर जोडणीत 6 ओहम आणि 3 ओहम, आणि 3 ओहमच्या दोन टोकांवरून बाहेर काढलेली दोन अग्रे, असा परिपथ घ्या. अग्रे मोकळी असताना त्यांच्यात 4 व्होल्ट मिळतात. अग्रे तारेने जोडली तर 3 ओहममधून काहीच जात नाही आणि तारेतून 12 भागिले 6, म्हणजे 2 अँपिअर वाहतात. 4 भागिले 2 म्हणजे 2 ओहम. झाला थेवेनिन परिपथ, म्हणजे एक व्होल्टेज स्रोत आणि एक रोध यांचा समतुल्य: 4 व्होल्ट आणि एकसर 2 ओहम. बाहेर 2 ओहमचा लोड (वीज वापरणारा रोध) लावा. मूळ परिपथ असो की हा, लोडला 2 व्होल्ट आणि 1 अँपिअरच मिळतो. अग्रे 6 ओहमच्या टोकांना घेतली असती तर 8 व्होल्ट आणि 2 ओहम आले असते. परिपथ तोच, समतुल्य वेगळा.

आता आत डोकवा, म्हणजे 'समान' का नको ते कळेल. लोड काढल्यावरही मूळ परिपथात 12 व्होल्ट 9 ओहमवर आहेत, म्हणजे 16 वॉट उष्णतेत जातात. थेवेनिन परिपथात शून्य. नॉर्टन परिपथात (2 अँपिअरचा धारास्रोत, त्याला समांतर 2 ओहम) 8 वॉट. तिन्ही बाहेरून तंतोतंत सारखे आणि आतले हिशोब तीन तऱ्हांचे! म्हणून समतुल्य परिपथावरून बॅटरी किती वेळ टिकेल किंवा रोधक किती वॉटचा घ्यावा हे काढू नये. त्यासाठी मूळ आकृतीकडेच परतावे लागते. लेऑन थेवेनिन हे फ्रेंच तारखात्यातले अभियंते. परिपथाच्या जागी एक स्रोत आणि एक रोध ठेवण्याचा हा नियम त्यांनी 1883 मध्ये मांडला. हेल्महोल्ट्झ यांनी त्याआधीच, 1853 मध्ये, तो दिला होता. नाव मात्र थेवेनिन यांचेच रुळले.

थेवेनिन परिपथातला रोध काढताना 'बॅटरी काढून टाका' असे सर्रास सांगितले जाते. हा शब्दप्रयोग घातक आहे. वरच्या उदाहरणात बॅटरी काढून जागा मोकळी ठेवली तर अग्रांना फक्त 3 ओहम दिसतील आणि उत्तर चुकेल. 'स्रोत शून्य करा' असे म्हणावे. शून्य व्होल्टचा स्रोत म्हणजे तार, म्हणून 6 आणि 3 समांतर, 2 ओहम. शून्य अँपिअरचा स्रोत म्हणजे मोकळी जागा. बॅटरीला अंतर्गत रोध असेल तर तो जागेवरच राहतो. परावलंबी स्रोत (ज्याचे मूल्य परिपथातल्याच दुसऱ्या व्होल्टेजवर किंवा धारेवर ठरते) शून्य करायचा नाही. आणि हे सगळे कागदावर! टेबलावरच्या लेड-ॲसिड बॅटरीची अग्रे तारेने जोडली तर शेकडो अँपिअर वाहून तार वितळेल. प्रत्यक्षात मोकळ्या अग्रांचे व्होल्टेज मोजावे, मग माहीत असलेला लोड लावून पुन्हा मोजावे. पहिले भागिले दुसरे, त्यातून 1 वजा, गुणिले लोडचा रोध. 4 व्होल्टचे 2 ओहमवर 2 व्होल्ट झाले, तर उत्तर 2 ओहम.

'परिणामी रोध' हा याचाच मर्यादित प्रकार: आत स्रोत नाही, नुसते रोध, त्यांच्याऐवजी एक आकडा. तिथे 'समांतर' हा शब्द दगा देतो. आकृतीत रेषा समांतर दिसतात म्हणून जोडणी समांतर ठरत नाही. दोन्ही रोधांची दोन्ही टोके त्याच दोन बिंदूंना हवीत. व्हीटस्टन सेतूच्या (चार रोधांचा चौकोन आणि मध्ये आडवा पाचवा) मधल्या रोधामुळे चारही भुजा ना एकसर राहतात ना समांतर. सेतू संतुलित असेल (मधल्या रोधातून धारा जात नसेल) तर मधला रोध सोडून देता येतो, नसेल तर त्रिकोणाचा तारा करावा लागतो: कोपऱ्याला मिळणाऱ्या दोन रोधांचा गुणाकार भागिले तिघांची बेरीज. 30 ओहमच्या तीन बाजूंचे 10 ओहमचे तीन पाय होतात.

यालाच 'स्टार-डेल्टा' (तारा-त्रिकोण) म्हणतात, आणि आयटीआयच्या मुलांची इथे हटकून गल्लत होते. मोटरच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तीच वेटोळी आधी स्टारमध्ये आणि मग डेल्टात जोडली जातात. रोध बदलत नाहीत, त्यामुळे डेल्टात लाइनमधली धारा तिप्पट होते. त्या दोन जोडण्या समतुल्य मुळीच नाहीत. वरच्या त्रिकोण-ताऱ्यात मात्र जोडणी बदलताना रोधांची मूल्येही बदलतात, आणि ती मुद्दाम अशी ठरवलेली असतात की तिन्ही अग्रांना बाहेरून फरक कळू नये. पहिल्याला 'स्टार-डेल्टा जोडणी' आणि दुसऱ्याला 'स्टार-डेल्टा रूपांतर' म्हटले तर घोळ होणार नाही.