पायलट व्हायचंय, पण पैसे वसूल होतील का?

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न घेऊन आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येतातच. पोराला पायलट व्हायचंय, खर्च ऐकून आमची झोप उडालीये, मॅडम तुम्हीच सांगा करू द्यावं का. त्यातली एक केस लिहिते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ओंकार म्हणू त्याला. निफाडकडचं द्राक्षबागायतदार घर, फिजिक्स-मॅथ्स चांगलं, डोक्यात दुसरं काही नाही. सुरुवातीच्या भेटी नुसत्या वादात गेल्या. तो म्हणायचा, "इंडिगोने 2023 मध्ये एका झटक्यात 500 विमानं बुक केली, एअर इंडियाने 470, ती उडवणार कोण?" वडील म्हणायचे, "2019 ला जेट एअरवेज बंद पडली, 2023 ला गो फर्स्ट, त्यांच्या पायलटांना विचार जा." दोघांचंही खरं होतं, आणि तरी कोणी तसूभर हलत नव्हतं, तेव्हा मला वाटायला लागलं की भांडण विमानांवरून नाहीच्चे.

मग मी ओंकारला विचारलं, "समज लायसन्स मिळालंय, दीड वर्ष झालं, नोकरी नाही. मंगळवार, सकाळचे दहा. तू कुठेयस?"

तो पेनाचं टोपण उघडबंद करत बसला बराच वेळ. "दिल्लीला. नायतर कुठंही. घरी नाही."

"घरी का नाही?"

"दादांनी प्लॉट विकलेला असणार ना. कुठल्या तोंडानं जाऊ?"

दादा म्हणजे त्याचे वडील, शेजारीच बसले होते. म्हणाले, "अरे प्लॉट गेला तर गेला. तू बागेत ये, छाटणीला माणूस लागतोच. पण हप्ता थकलाय आणि तू फोन उचलत नाहीस, हे मला नाही झेपायचं."

माझं काम विवेकनिष्ठ विचारसरणीवर चालतं, मी भीती पुसायला जात नाही, ती खरी ठरली तर पुढे काय हे बोलायला लावते. 'नोकरी नाही लागली तर मी संपलो' हे डोक्यात असलं की मुलं खर्चाचा कागद नीट बघतच नाहीत, हे मी कितीदा पाहिलंय. त्या दिवशी ओंकारने स्वतःहून कागद मागितला आणि बापलेक एकाच वहीत हिशोब मांडायला बसले. त्या मंगळवारच्या प्रश्नाचं मला आजही समाधान वाटतं.

हिशोब म्हणाल तर सीपीएलला, म्हणजे नोकरीसाठी लागणाऱ्या कमर्शियल पायलट लायसन्सला, किमान 200 तासांचं फ्लाइंग लागतं, त्याचे 50-60 लाख सहज जातात, वर टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या ट्रेनिंगचे, 15-20 लाख, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांचं व्याज कोणी धरतच नाही, ते आधी धरा. माझं स्पष्ट मत, राहतं घर आणि जमीन दोन्ही गहाण टाकून करण्यासारखं हे करिअर नाही. पण नोकरी दोन वर्षं उशिरा लागली तरी हप्ते निघतील एवढी तजवीज असेल तर जरूर करा, पगार चांगला आहे, कॅप्टन झाल्यावर तर खूपच.

अकॅडमीला एक रुपयाही द्यायच्या आधी पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, आधी क्लास 2 आणि मग क्लास 1 मेडिकल, करून घ्या, रंग ओळखण्यात दोष निघाला की सगळंच अडतं. हे मेडिकल नोकरीभर पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, एक रिपोर्ट बिघडला की उडणं थांबतं, म्हणून हातात दुसरी डिग्री हवीच असा माझा आग्रह असतो. डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे, लेखी पेपर घरी अभ्यास करून देता येतात, 70 टक्के लागतात, फ्लाइंगच्या मानाने खर्च किरकोळ आणि मुलाची चिकाटी तिथेच कळते. अकॅडमी बघायला गेलात तर ऑफिसात बसू नका, बाहेर चहाच्या टपरीवर तिथल्या मुलांना विचारा, किती विमानं खरंच उडतायत, महिन्याला किती तास मिळतात, पावसाळ्यात काय होतं.

ओंकारची दोन्ही मेडिकल झाली, बीएस्सीला ॲडमिशन घेतलीये. डीजीसीएच्या पेपरांपैकी मेटिऑरॉलॉजी (हवामान) सुटला, रेग्युलेशन (नियम) परत द्यायचाय. नेव्हिगेशनचा (मार्ग काढण्याचा) पेपर सुटेपर्यंत कुठेही ॲडव्हान्स भरायचा नाही असं दोघांनी मिळून ठरवलंय.