मशीनने सगळं मोजल्यावर स्मिअरमध्ये आणखी काय दिसतं?

वडिलांना पाच दिवस ताप, सीबीसीत प्लेटलेट ६८,०००, पांढऱ्या पेशी ३,२०० आणि रिपोर्टाच्या तळाला ‘अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट दिसतात, पेरिफेरल स्मिअर करून घ्यावा’ असा शेरा. स्मिअर म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, आणि लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. मशीनने एवढं मोजलेलं असताना माणूस काचेवर आणखी काय बघणार, आणि त्यावरून ब्लड कॅन्सर आहे की नाही ते ठरतं का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. स्मिअरवरून ब्लड कॅन्सरचा संशय बळावतो किंवा बहुतेक वेळा फिटतो. आजाराचं नेमकं नाव पुढच्या तपासण्या देतात. ताप आणि हे आकडे पावसाळ्यातले असतील तर कोणताही डॉक्टर आधी डेंगीच धरेल, आणि बहुधा बरोबर ठरेल. तरीही स्मिअर टाळू नका, कारण नेमक्या याच आकड्यांमागे क्वचित असा एक आजार असतो ज्यात एकेक तास मोलाचा असतो. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मशीन पेशी ओळखत नाही, मोजतं. पेशी बारीक छिद्रातून एकेक करून जाते, विजेच्या प्रवाहाला अडथळा होतो आणि त्या अडथळ्यावरून तिचं आकारमान कळतं. महागड्या मशिनांत वर लेझरही असतो. हजारो पेशी मिनिटाभरात मोजण्यात माणूस त्याच्या जवळपासही जाऊ शकत नाही. पण तांबड्या पेशीचा बारीक तुकडा मशीनला प्लेटलेट वाटतो, मोठी प्लेटलेट त्याला तांबडी पेशी वाटते, आणि साध्या मशीनला केंद्रक असलेली कच्ची तांबडी पेशी पांढरी वाटते. अशा कच्च्या पेशी दर १०० पांढऱ्या पेशींमागे २५ दिसल्या, तर मशीनचा आकडा १०० ने गुणून १२५ ने भागायचा. १०,००० चे खरे ८,००० निघतात. तशा पेशी आहेत हे कळायला कुणीतरी डोळा लावावा लागतो.

आता तुमचे ६८,०००. स्मिअर बघताना पहिला प्रश्न असतो की हा आकडा खरा आहे का. काही जणांच्या रक्तात जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीन त्या गठ्ठ्याला एक मोठी पेशी समजतं आणि आकडा पडतो. शरीरात मात्र प्लेटलेट पुरेशा असतात. हे गठ्ठे स्मिअरच्या शेपटीकडच्या टोकाला सापडतात, म्हणून बघणारा आधी तिकडे जातो. गठ्ठे दिसले तर निळ्या झाकणाच्या सोडियम सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतात आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात, कारण त्या ट्यूबमधल्या द्रवाने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. सायट्रेटमध्येही गठ्ठे होणारी मंडळी आहेत. त्यांच्यात बोटाला टोचून थेट काचेवर घेतलेल्या रक्तावरून अंदाज बांधतात. गठ्ठे नसतील तर ऑइलच्या १०० पटीच्या लेन्सखाली दहा ठिकाणी प्लेटलेट मोजून सरासरी काढतात आणि तिला साधारण १५,००० ते २०,००० ने गुणतात. सरासरी चार आली तर तुमच्या वडिलांचा आकडा खराच आहे.

हे सगळं स्मिअर नीट केलेला असेल तरच. इथे जितकी माती होते तितकी दुसरीकडे कुठे होत नसेल. काचेच्या एका टोकापासून सेंटिमीटरभर आत रक्ताचा दोन-तीन मिलिमीटरचा थेंब, त्याला मागे टेकवलेली गुळगुळीत कडेची दुसरी काच, ३० ते ४५ अंशांचा कोन आणि न थांबता, न दाबता एकच सरळ ओढ. जिभेच्या आकाराचा, काचेचा दोन-तृतीयांश भाग व्यापणारा आणि टोकाकडे विरळ होत जाणारा थर यायला हवा. रक्त पातळ असेल, म्हणजे हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर कोन थोडा वाढवायचा. रक्त घट्ट असेल तर कमी करायचा. सावकाश ओढलं की पांढऱ्या पेशी शेपटीत गोळा होतात आणि मोजणी चुकते.

लगेच वाळवणं तितकंच महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर, विशेषतः मुंबई-कोकणात, हवेतल्या दमटपणाने काच हळू वाळते, आणि उघड्या बाटलीतलं मिथेनॉल पाणी ओढून घेतं. मग तांबड्या पेशींत चकाकणारे गोल ठिपके, कुरतडल्यासारख्या खळग्या दिसतात. नवशिक्याला ते पॅरासाइट वाटतात किंवा पेशीच विचित्र वाटते. खूण सोपी आहे: फोकस वर-खाली केला की ते ठिपके चमकतात, खरी रचना चमकत नाही.

पेशी रंगवायला आपल्याकडे बहुतेक लॅबमध्ये लीशमन स्टेन वापरतात. आधी तो तसाच दोन मिनिटं ठेवतात, म्हणजे त्यातल्या मिथेनॉलने पेशी काचेवर पक्क्या होतात. मग दुप्पट बफर (पीएच स्थिर ठेवणारं पाणी) घालून सात ते दहा मिनिटं. बफरचा पीएच ६.८ हवा. तो अल्कधर्मी झाला तर तांबड्या पेशी निळसर-हिरवट आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीचे दाणे करडे दिसतात. आम्लधर्मी झाला तर सगळं भडक गुलाबी आणि केंद्रकं फिकी. केंद्रकाची जाळी बघूनच पेशी कच्ची की पक्की ते ठरतं, त्यामुळे स्टेन बिघडला की त्या काचेवर मत देऊ नये, काच पुन्हा करावी.

ट्यूबमधलं रक्त शिळं होणं हे आणखी एक दुखणं. शक्यतो चार तासांच्या आत काच ओढायला हवी. कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त संध्याकाळी मुख्य लॅबला पोचलं तर तांबड्या पेशींना काटे फुटलेले असतात, मोनोसाइट या पांढऱ्या पेशींत पोकळ्या झालेल्या असतात आणि लिम्फोसाइटचं केंद्रक दुमडून संशयास्पद दिसायला लागतं. ‘अ‍ॅटिपिकल’ हा शेरा कधीकधी एवढ्यानेच येतो.

तो शेरा तुमच्या वडिलांच्या बाबतीत काय असू शकतो? डेंगीत किंवा इतर विषाणूंच्या तापात लिम्फोसाइट चवताळतात. पेशी मोठी होते, पेशीद्रव्य पसरट आणि गडद निळं होतं, त्याची कड शेजारच्या तांबड्या पेशींभोवती घागऱ्यासारखी वळते. सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे वैविध्य: एक मोठी, एक लहान, एक प्लाझ्मा पेशीसारखी, अशी जत्रा असते. ल्युकेमियातली, म्हणजे ब्लड कॅन्सरमधली, ब्लास्ट ही अगदी कच्ची पेशी वेगळी. केंद्रकाने जवळजवळ सगळी जागा व्यापलेली, पेशीद्रव्याची बारीक किनार, केंद्रकाची जाळी मलमलीसारखी तलम आणि आत एक-दोन ठळक ठिपके, म्हणजे न्यूक्लिओलस. आणि त्या सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या.

यात फसगत दोन्हीकडून होते. डेंगीतल्या पेशींना ब्लास्ट म्हटलं की घरच्यांची झोप उडते. उलट बाजूला, ल्युकेमियातही पांढऱ्या पेशी कमी असू शकतात, शंभर पेशी मोजून एकही ब्लास्ट सापडत नाही आणि ‘पॅन्सायटोपेनिया’ (तिन्ही प्रकारच्या पेशी कमी) लिहून काच बाजूला पडते. अशा रक्तात कडा आणि शेपूट चाळून काढायला हवी, कारण मोठ्या पेशी तिकडे ढकलल्या जातात. तरीही सापडल्या नाहीत तर ट्यूब फिरवून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा काढून त्याचा स्मिअर करतात.

वर म्हटलेला तासातासाचा आजार म्हणजे अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, एपीएल. याची बरीच चित्रं तुमच्या वडिलांच्या आकड्यांसारखीच असतात: पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, कधी ताप. पण काचेवर मोठ्या, दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी असतात. केंद्रक मधोमध चिमटलेलं, दोन पाकळ्यांचं. काही पेशींत ऑअर रॉड म्हणजे लालसर काड्या दिसतात, आणि काहींत त्यांची मोळीच बांधलेली असते. अशी मोळी दिसली की फोन उचलायचा. टाइप केलेल्या रिपोर्टाची वाट बघायची नाही. या आजारात रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्ण पहिल्या काही दिवसांत दगावू शकतो. म्हणून नुसत्या संशयावर एट्रा हे अ जीवनसत्त्वापासून बनलेलं औषध सुरू करतात, पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन या रक्त गोठण्याच्या तपासण्या लगेच पाठवतात, आणि १५ व १७ या गुणसूत्रांमधल्या अदलाबदलीची जनुकीय तपासणी नंतर येऊ देतात. पहिले दिवस निभावले तर बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. याचा एक लबाड प्रकारही आहे. त्यात दाणे इतके बारीक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नाहीत, पेशी मोनोसाइटसारखी वाटते आणि पांढऱ्या पेशी उलट वाढलेल्या असतात. तिथे दोन पाकळ्यांचं केंद्रक हाच धागा धरायचा. मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा स्टेन केला तर तो झगझगीत येतो.

इतर अ‍ॅक्यूट ल्युकेमियांत स्मिअर एवढं सांगतो की ब्लास्ट आहेत. ऑअर रॉड दिसली तर मायलॉइड (लिम्फोसाइट सोडून इतर पेशींच्या कुळातला), यात वाद नाही. ती नसेल तर मायलॉइड की लिम्फॉइड (लिम्फोसाइटच्या कुळातला) हे नुसत्या दिसण्यावरून सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. ते पेशीवरच्या खुणा ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीचं काम.

ब्लड कॅन्सरच्या भीतीने येणाऱ्या पण कॅन्सर नसलेल्या आजारांत बी-१२ ची कमतरता मोठी. शाकाहारी घरांत, वयस्कर माणसांत ती सर्रास सापडते. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ११० च्या वर, आणि बोन मॅरोची (अस्थिमज्जेची) तपासणी केलीच तर आत इतक्या बेढब, कच्च्या दिसणाऱ्या पेशी की अनुभवी माणूसही ल्युकेमिया म्हणून चुकू शकतो. स्मिअरवर मात्र मोठ्या अंडाकृती तांबड्या पेशी आणि सहा पाकळ्यांच्या केंद्रकाचा एखादा न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशीचा एक प्रकार) दिसतो. सहा पाकळ्यांचा एक, किंवा पाच पाकळ्यांचे शंभरात पाच, एवढं पुरे. आधी बी-१२ आणि फोलेट पाठवा, त्याचं रक्त घेऊन झाल्याशिवाय इंजेक्शन देऊ नका.

क्रॉनिक, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या, ल्युकेमियांबद्दल थोडक्यात. सीएमएलमध्ये (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) न्यूट्रोफिलच्या वाढीच्या सगळ्या पायऱ्या एका काचेवर दिसतात, सोबत बेसोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. जंतुसंसर्गानेही पांढऱ्या पेशी ५०,००० पर्यंत जाऊ शकतात, पण तिथे दाणे जाड आणि गडद असतात, बेसोफिल वाढत नाहीत. खात्री बीसीआर-एबीएल या जनुकीय तपासणीने. सीएलएलमध्ये (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) छोट्या, एकसारख्या लिम्फोसाइट आणि काच ओढताना फुटून पसरलेले डाग दिसतात, त्यांना स्मज पेशी म्हणतात. या फुटलेल्या पेशीही मोजायच्या असतात. त्या वगळल्या की टक्केवारी चुकते.

तांबड्या पेशींचा विषय मोठा आहे, दोनच गोष्टी सांगतो. हेल्मेटसारखे, त्रिकोणी तुकडे एक टक्क्याहून जास्त आणि सोबत प्लेटलेट कमी, हीसुद्धा तातडीची अवस्था आहे. टीटीपीत (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणारा आजार) त्याच दिवशी प्लाझ्मा एक्स्चेंजची, म्हणजे रक्तातला द्रव बदलण्याची, तयारी करावी लागते. आणि विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची चौकशी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की वाहक व्यक्तीचा स्मिअर साफ असतो. कोयत्यासारख्या पेशी आजारी माणसात दिसतात. वाहक शोधायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीच हवी. ‘स्मिअर नॉर्मल आहे, लग्न ठरवा’ असा निष्कर्ष कुणी काढू नये.

वडिलांसाठी आता करायचं ते असं. ताजं रक्त लॅबमध्ये जाऊनच द्या, घरून पाठवू नका. ट्यूब खुणेपर्यंत भरली का बघा. ती अर्धवट राहिली तर ईडीटीए जास्त होऊन पेशी आक्रसतात. चिठ्ठीवर तापाचा कितवा दिवस, चालू औषधं आणि अलीकडे रक्त चढवलं असेल तर तेही लिहा. काच बघणाऱ्याला माहिती दिली की तो फसतो हा गैरसमज आहे. माहिती नसली की तो फसतो. डेंगीची एनएस-१ आणि आयजीएम तपासणी सोबत होऊ द्या. स्मिअर होईपर्यंत कुणाच्याही सल्ल्याने स्टेरॉइड सुरू करू नका. लिम्फॉइड ल्युकेमियात त्याने ब्लास्ट काही दिवसांत दिसेनाशा होतात आणि निदान महिनोनमहिने लांबतं.

रिपोर्टात ‘रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट, ब्लास्ट नाहीत, प्लेटलेट खरोखर कमी’ असं आलं तर रोज सीबीसी करून आकडे वर येताना बघायचे. ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत ते चढू लागतात. दोन आठवड्यांनीही पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमीच राहिल्या, हिमोग्लोबिन घसरलं किंवा गाठी हाताला लागल्या तर हेमॅटॉलॉजिस्टकडे जा आणि पहिली काच लॅबकडून मागून सोबत न्या. अंगावर निळे-जांभळे डाग उठले किंवा हिरड्या-नाकातून रक्त थांबत नसेल तर मात्र वाट न पाहता आजच मोठ्या रुग्णालयात न्या.