तुझ्याशिवाय उभं राहतं का?

काल तलावपाळीवरून निघताना तू विचारलंस, काका, मी इतकं मनापासून लिहिलं, रीलवर लोक रडले, मग परीक्षक 'ही डायरी आहे, स्वगत नाही' असं कसं म्हणतात? मी गाडी काढायच्या गडबडीत काहीतरी गुळमुळीत बोललो. रात्री झोप लागेना म्हणून आता लिहितोय, राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

परीक्षकांचं बरोबर होतं. बोलले वाईट, पण बरोबर होतं.

बाबा गेल्यावर तू लिहिलंस ते खोटं आहे असं कोणी म्हणत नाहीये गं. पण भरताच्या नाट्यशास्त्रात शोक आणि करुण हे दोन वेगळे शब्द आहेत ते उगाच नाही. शोक हा भाव, तो तुमच्या घरात झाला. करुण हा रस, तो बाल्कनीत बसलेल्या, तुझ्या बाबांना जन्मात न पाहिलेल्या माणसापर्यंत पोचायला हवा. रीलवर रडलेले बहुतेक तुला ओळखणारे, ते तुझ्यासाठी रडले, तुझ्या स्वगतासाठी नाही.

माझी कसोटी एकच. संहिता दुसऱ्या मुलीच्या हातात दे. तू नको, तुझा भरून आलेला आवाज नको. तिने वाचूनही उभं राहिलं तर पुढे बोलू, नाही राहिलं तर ते मन मोकळं करणं होतं. मन मोकळं जरूर करावं, रोज करावं, मैत्रिणीकडे करावं, त्याला तिकीट लावू नये.

ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहात तू परवा विंगेत रडत उभी होतीस ना, ते गडकरी कविता लिहायचे गोविंदाग्रज म्हणून, विनोद बाळकराम म्हणून, आणि नाटकं स्वतःच्या नावाने. माणूस तोच, १९१९ साली गेला तेव्हा जेमतेम ३३ वर्षांचा. नुसतं आतलं बाहेर काढायचं असतं तर एक नाव पुरलं असतं की! मला तरी ते असंच दिसतं.

आता तुझ्याच लिखाणाबद्दल. चार पानांत 'मी तुटले' सहा वेळा आहे, मोजलंय मी. आणि चहा पिताना तू सहज सांगितलंस की बाबांच्या कंपनीची बस ते गेल्यावरही दोन दिवस ऐरोलीच्या कोपऱ्यावर थांबून हॉर्न वाजवत होती, ड्रायव्हर नवा होता, त्याला माहीतच नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी हॉर्न आला नाही तेव्हा आई गॅलरीत गेली आणि मागे दूध उतू गेलं. हे संहितेत कुठे आहे? हे कुठल्याही मुलीने म्हटलं तरी उभं राहील. तुझ्याशिवाय उभं राहील. आणि तू ते सोडून 'मी तुटले' लिहीत बसलीस, खरंच डोकं फिरतं माझं.

मला हे शहाणपण कुठून आलं ते पण ऐक. चोविसाव्या वर्षी मी माझ्या भावावर एकांकिका लिहिली, काम मीच करायचो. नोकरीत बदली झाली, ग्रुप म्हणाला दुसरा मुलगा घेऊ, तालीम सुरू ठेवू. मी म्हटलं माझा भाऊ तो काय करणार, आणि संहिता उचलून घरी आणली. ती अजून माळ्यावर आहे. नंतर बॅकस्टेज केलं, लाइट्स केले, पण लिहिलं नाही. लोकांना सांगतो नोकरीमुळे, घरात माणसं होती खाणारी, आणि ते खोटंही नाही, तुला काय माहीत तेव्हा कसे दिवस होते. पण खरं कारण तो मुलगा. तो वाईट करेल याची भीती नव्हती, तो माझ्याहून चांगलं करेल याची होती. तसा तो वाईटच करायचा म्हणा, अजून माझं तेच मत आहे, पण मी त्याला एकदा वाचू द्यायला हवं होतं.

तर रविवारी पाचला गडकरीच्या कट्ट्यावर ये. तुझी ती कळव्याची मैत्रीण, जिला तुझ्या घरचं फारसं माहीत नाही, तिला आण. ती वाचेल, तू मागे बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही, 'नाही नाही असं नाही म्हणायचं' तर अजिबातच नाही.

आणि येण्याआधी आईला विचार, बसचा हॉर्न कसा वाजायचा. एकदाच लांब, की दोनदा छोटा.