खाटेखालची सतरंजी

प्रश्न : आमच्या संस्थेचे बालरुग्णालय सुमारे नव्वद वर्षांच्या दगडी इमारतीत आहे. एका दालनात चोवीस खाटा आहेत आणि रात्री बहुतेक खाटांखाली आया सतरंजी अंथरून झोपतात. नूतनीकरणासाठी देणगी मिळाली असून काही विश्वस्त भिंतींवर चित्रे, नवी फरशी आणि वातानुकूलन सुचवतात. रुग्णालय बंद ठेवता येणार नाही. सुरुवात कोठून करावी?
– एक विश्वस्त, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : त्या सतरंजीपासून करावी. चित्रे नंतरही काढता येतील. तापाने फणफणलेल्या मुलाला भिंतीवरच्या जिराफाचे कौतुक फार वेळ पुरत नाही.

इंग्लंडमधील बालरुग्णालयांत एके काळी आईवडिलांना ठरावीक वेळीच आत सोडत. तेथील समाजसेवक आणि मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये, रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीची अवस्था चित्रफितीतून दाखवली आणि १९५९ च्या प्लॅट समितीच्या सरकारी अहवालाने पालकांना कधीही भेटू द्यावे, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली. तेथे प्रश्न पालकांना आत आणण्याचा होता. आपल्याकडे आई सहसा मुलाजवळच राहिली, पण इमारतीच्या नकाशात तिला जागा मिळाली नाही. म्हणून तिचा डबा खिडकीच्या कट्ट्यावर, ओले कपडे कठड्यावर आणि रात्री इंजेक्शन द्यायला आलेल्या सिस्टरचा पाय तिच्या पायावर.

चोवीसच्या अठरा खाटा कराव्या लागल्या, तरी प्रत्येक खाटेशेजारी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि खाली सामानाचा कप्पा असलेले बाकडे बसवावे. (खाटा कमी करण्यावर विश्वस्त मंडळात वाद होईल, तो आधीच होऊ द्यावा.) एका रुग्णालयात मी अशी बाकडी पाहिली होती. दिसायला देखणी, पण खाटेपेक्षा वीतभर उंच. तेथून मुलाच्या अंगावर हात ठेवता येत नसल्यामुळे आया पुन्हा खालीच झोपू लागल्या होत्या. म्हणून सगळ्यांची मागणी नोंदवण्यापूर्वी एकच नमुना करून घ्यावा, त्यावर एखाद्या आईला दोन रात्री झोपू द्यावे आणि मग तिला विचारावे. खाटांमध्ये पूर्ण भिंती घालू नयेत. कमरेएवढा आडोसा आणि त्यावर पडदा पुरतो, कारण सिस्टरला आपल्या टेबलापासून प्रत्येक मूल दिसलेच पाहिजे. उंच छत आणि समोरासमोरच्या खिडक्या हे जुन्या इमारतीचे धन आहे, ते वातानुकूलनापायी बंदिस्त करू नये. आयांसाठी आतून कडी लागणारी मोरी, गरम पाणी आणि दूध काढण्यासाठी आडोशाची जागा मात्र याच खर्चात बसवावी.

नवजात कक्ष असेल तर तेथे आईची खाट हा उपचाराचाच भाग समजावा. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत आणि आफ्रिकेतील पाच रुग्णालयांत झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक किलो ते १.७९९ किलो वजनाची बाळे जन्मल्यापासूनच आईच्या, किंवा तिच्या जागी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या, उराशी ठेवली गेली. नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे प्रकृती स्थिरावल्यावर बाळ उराशी देण्यात, पहिल्या २८ दिवसांत १५.७ टक्के बाळे दगावली होती. नव्या पद्धतीत हे प्रमाण १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आई बाळाच्या कक्षातच राहावी लागते, म्हणजे पुन्हा जागेचाच प्रश्न.

काम अर्ध्या-अर्ध्या दालनात करावे. जुन्या बांधकामाच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांना ते घातक ठरू शकतात. म्हणून जमिनीपासून छतापर्यंत जाड प्लास्टिकने जागा बंद करावी, आतली हवा पंख्याने बाहेरच्या बाजूला ओढून टाकावी, राडारोडा झाकून न्यावा आणि कर्करोगाची मुले कामाच्या टोकापासून दूर हलवावीत. कंत्राटदार पहिल्या आठवड्यानंतर प्लास्टिक वर गुंडाळून ठेवतो, असा माझा अनुभव आहे. ते रोज तपासण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी.

जुन्या वायरिंगवर नवी उपकरणे चढवू नयेत. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत दहा बालके गेली. वीजभाराची तपासणी, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आणि धुराची सूचना देणारी यंत्रणा यांचा खर्च देणगीतून आधी बाजूला काढावा, फरशीचा दर त्यानंतर मागवावा.